चौदा आणि एकोणीसच्या मध्ये: एका अडलेल्या ओव्हरहेड प्रेसचं प्रकरण

गोव्यात फोंड्यातल्या आमच्या जिममध्ये येणाऱ्या एका ५२ वर्षांच्या शिक्षिकेचं हे प्रकरण आहे. उभं राहून रॉड खांद्यावरून डोक्यावर ढकलायचा व्यायाम, म्हणजे ओव्हरहेड प्रेस, त्या मन लावून शिकल्या आणि नंतर डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत एकाच वजनावर अडून राहिल्या. प्रेस का अडला, काय काय तपासलं, काय बदललं आणि चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, काय झालं, ते त्यांच्या परवानगीने मांडतो. नाव देत नाही. शाळेत त्या मला विज्ञान शिकवायच्या. त्या मला अजून अरे-तुरे करतात आणि मी त्यांना बाई म्हणतो, म्हणून इथेही बाईच म्हणेन.

लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं, की प्रेस अडला की जिममध्ये सगळे खांद्यावर तुटून पडतात. साइड रेझ वाढवा, मशीन मारा, रोज शोल्डर मारा. बाईंच्या बाबतीत खांदा धडधाकट होता. अडथळा होता रॉडला लावायच्या वजनाच्या प्लेटमध्ये आणि चष्म्यात. प्रेस अडलेल्या कितीतरी लोकांच्या बाबतीत, विशेषतः चाळिशी ओलांडून पहिल्यांदा रॉड धरणाऱ्या बायकांच्या बाबतीत, कारण असंच खांद्याच्या बाहेर सापडेल असं मला वाटतं.

बाई कशासाठी आल्या

वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच. मधुमेह नाही, रक्तदाब ठीक. पाळी थांबून दोन वर्षं झालेली. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासायला सांगितली, ती थोडी कमी निघाली. औषधाची गरज नव्हती. वजनाचा व्यायाम सुरू करा, असा सल्ला मिळाला. हा सल्ला हवेतला नाही. ऑस्ट्रेलियात ‘लिफ्टमोर’ नावाची एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाळी थांबलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया तिच्यात होत्या, सरासरी वय पासष्टच्या आसपास. त्यातल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली: डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलणं), स्क्वॉट (रॉड पाठीवर घेऊन बैठक) आणि ओव्हरहेड प्रेस, पाच-पाचचे पाच सेट. कमरेच्या मणक्यांची घनता या गटात सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली; घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्क्यांनी घटली. उभ्याने डोक्यावर वजन धरलं की तो भार मनगटापासून टाचेपर्यंत सगळ्या सांगाड्यातून जमिनीत उतरतो. बसून मशीनवर शोल्डर प्रेस करताना हे होत नाही, म्हणून बाईंना मी पहिल्यापासून उभं केलं.

दुसरं कारण चवथीचं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाची पेंड (म्हणजे घोस), केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, तोरिंगं, आंबाडे, रानातली फळं बांधतात. ती माटोळी. बांधणारा एक आणि खालून फळं वर धरून ठेवणारा एक, अशी दोघांची जोडी लागते. बाईंच्या घरी वर धरायचं काम बाईंचं. आदल्या चवथीला नारळाची पेंड धरून उभ्या असताना त्यांचे हात थरथरायला लागले आणि पेंड खाली ठेवावी लागली. ‘दुखलं नाही रे, फक्त ताकदच नव्हती,’ असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. ‘दुखलं नाही’ हे शब्द मी मुद्दाम लिहून ठेवले. पुढे तेच कामाला आले.

खांदा आधी तपासला

बाईंच्या थोरल्या जाऊबाईंना फ्रोझन शोल्डर झालेला, म्हणून हात वर जाईना की घरातले सगळे तेच नाव घ्यायचे. ही भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. हा आजार चाळीस ते साठ या वयात जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, मधुमेहात तर आणखी. त्यामुळे रॉड हातात देण्याआधी त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. फ्रोझन शोल्डरची एक ठळक खूण असते. कोपर कमरेशी टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवला तर तो अडतो, आणि दुसऱ्याने धरून फिरवला तरी अडतो. सांध्याची पिशवीच आखडलेली असल्यामुळे रुग्णाने जोर लावला किंवा नाही, फरक पडत नाही. बाईंचा हात दोन्ही बाजूंना मोकळा फिरत होता. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात, तेही तपासणीत ठीक निघाले.

एकच गोष्ट फिजिओने लिहून दिली: पाठीचा वरचा भाग ताठ आहे, मागे वाकत नाही. वह्या तपासण्यात, पुढे वाकून बसण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे व्हायचंच. हा मुद्दा पुढे परत येईल.

सुरुवात आणि अडकणं

दसऱ्यानंतर सुरुवात केली. आमच्याकडे ऑलिंपिक रॉड आहे, तो २० किलोचा. बायकांच्या वेटलिफ्टिंगचा १५ किलोचा असतो, तो आमच्याकडे नाही. म्हणून बाईंना बारीक सरळ रॉड दिला. त्याला जिममध्ये सगळे ‘दहाचा’ म्हणतात. बाईंनी विचारलं, ‘कोणी वजन केलंय याचं?’ कोणीच केलं नव्हतं. त्यांनी तो शेजारच्या हार्डवेअरवाल्याच्या काट्यावर ठेवला. भरला ९.२. तेव्हापासून त्यांच्या वहीत सगळे आकडे या ९.२ वर उभे आहेत, आणि मला ही शिस्त फार मोलाची वाटते. रॉड किती भरतो तेच माहीत नसेल तर प्रगतीचा हिशोब कशाच्या जोरावर करायचा?

पहिले दोन-तीन आठवडे नुसता रॉड. मग दोन्ही बाजूंना अडीच-अडीचच्या प्लेट लावल्या, म्हणजे १४.२. नोव्हेंबरअखेर १४.२ च्या आठ रेप्स, म्हणजे सलग आठ वेळा ढकलणं, त्या करू लागल्या. पुढची पायरी १९.२, कारण आमच्याकडची सगळ्यात छोटी प्लेट अडीचची. तिथे गाडी थांबली. रॉड कपाळापर्यंत जायचा आणि तिथेच राहायचा. कधी एखादी रेप पाठ मागे झुकवून कशीबशी निघायची, दुसरी नाही. मग परत १४.२, आठ-नऊ रेप्स, परत १९.२ चा प्रयत्न, परत कपाळ. जानेवारीच्या मध्यापर्यंत हेच चाललं. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मात्र दर आठवड्याला वाढत होते. म्हणजे झोप, विश्रांती, मेहनत यांत काही मोठी खोट नव्हती.

उडीचा हिशोब

एका संध्याकाळी बाई वहीत आलेख काढून घेऊन आल्या. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर वजन. स्क्वॉटची रेघ जिन्यासारखी चढत गेलेली, प्रेसची रेघ एका पायरीनंतर आडवी. त्याखाली त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या: स्क्वॉट ३५ वरून ४०, वाढ १४ टक्के. प्रेस १४.२ वरून १९.२, वाढ ३५ टक्के.

‘तू मला दोन्हीकडे पाचच किलो वाढवायला सांगतोस. पण हे पाच आणि ते पाच सारखे कुठे आहेत?’

प्रकरणाचा अर्धा उलगडा या प्रश्नात होता. प्रेसमध्ये काम करणारे स्नायू, खांद्याचा डेल्टॉइड आणि दंडाच्या मागचा ट्रायसेप्स, हे मांड्या आणि नितंबांच्या मानाने लहान. म्हणून प्रेसचं वजन नेहमीच सगळ्यांत कमी असतं आणि तीच प्लेट त्याला सगळ्यांत जड पडते. शंभर किलो प्रेस करणाऱ्याला पाच किलो म्हणजे पाच टक्के. बाईंना तेच पाच किलो म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

रेप्सवरून कमाल ताकदीचा अंदाज काढायचं एक सोपं सूत्र आहे, एप्लीचं: वजन गुणिले, एक अधिक रेप्स भागिले तीस. बाईंच्या आठ रेप्स घातल्या तर उत्तर येतं साधारण १८. म्हणजे त्या दिवशी त्यांची एका रेपची कमाल ताकद १८ किलोच्या आसपास, आणि आम्ही मागत होतो १९.२ च्या पाच. त्यासाठी कमाल ताकद २२ च्या पुढे हवी. सूत्र अंदाजाचंच आहे, पण अंतर इतकं मोठं होतं की अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष बदलत नाही. ही अडचण जिद्दीने सुटणारी नव्हती. मधल्या पायऱ्याच नव्हत्या.

पायऱ्या बाईंनीच तयार करवून घेतल्या. लोखंडाची घनता घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरून त्यांनी गणित केलं: १० सेंटिमीटर व्यासाची चकती, मध्ये ३ सेंटिमीटरचं भोक, जाडी ९ मिलिमीटर, की वजन ५०० ग्रॅम. जाडी निम्मी केली की २५०. हा कागद घेऊन त्या बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडे गेल्या आणि दहा चकत्या करून आणल्या, ५०० च्या आठ आणि २५० च्या दोन. काट्यावर त्या पाच-सात ग्रॅमने इकडेतिकडे भरल्या; चालतं. आता ९.२ पासून वर दर अर्ध्या किलोला एक पायरी मिळाली. बाजारात १.२५ किलोच्या आणि त्याहून लहान प्लेट मिळतातच, पण आमच्यासारख्या कितीतरी जिममध्ये त्या कोणी मागवत नाही. मागवायला हव्यात. पुरुषांचाही प्रेस शेवटी इथेच अडतो, फक्त थोडा वर जाऊन.

रॉडची वाट आणि चष्मा

चकत्या आल्या तरी मी लगेच वजन वाढवू दिलं नाही. रॉड नेमका कपाळाशीच का थांबतो, ते मला बघायचं होतं. बाजूच्या इमारतीवर गवंडीकाम चाललं होतं, तिथून ओळंबा आणला आणि छताच्या हुकाला असा टांगला की दोरी बाईंच्या पायाच्या मध्यावरून जाईल. मोबाइल स्टुलावर ठेवून बाजूने व्हिडिओ घेतला.

डोक्यावर वजन ढकलताना ते पायाच्या मध्याच्या बरोबर वर राहायला हवं, आणि जितकं सरळ जाईल तितकं बरं. रॉड दोरीच्या पुढे गेला की खांद्यापासून त्याचं अंतर वाढतं, तरफेचा हात लांब होतो आणि तेच वजन खांद्याला कितीतरी जड पडतं. बाईंच्या व्हिडिओत रॉड गळ्याशी दोरीजवळ होता. हनुवटीपाशी तो चांगला चार बोटं पुढे गेला, कपाळापाशीही पुढेच, आणि तोल सांभाळायला छाती मागे झुकली. तिथे तो थांबला.

व्हिडिओ हळू करून पुन्हा बघितला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. रॉड हनुवटीपाशी आला की बाईंचे डोळे मिटत होते.

‘बाई, डोळे का मिटता?’

‘मिटते? नाही रे.’ मग त्यांनी स्वतः व्हिडिओ बघितला. थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘चष्म्याला लागेल असं वाटतं. गेल्याच महिन्यात भिंगं बदललीत, प्रोग्रेसिव्ह. फुटली तर दहा दिवस पेपर तपासता येणार नाहीत.’

रॉड चेहऱ्याला वळसा घालून जात होता, कारण चेहरा जागचा हलत नव्हता. शिकवताना ‘रॉड सरळ वर’ असं आपण सांगतो, पण सरळ वाटेत नाक आहे, हनुवटी आहे, बाईंच्या बाबतीत महागाची भिंगंही आहेत. रॉड सरळ जायचा असेल तर वाट डोक्यानेच द्यावी लागते: सुरुवातीला हनुवटी आत ओढून मान मागे, आणि रॉडने कपाळ ओलांडलं की डोकं परत पुढे, दोन्ही दंडांच्या मधोमध. ही हालचाल दोन-तीन इंचांची, पण सगळा प्रेस तिच्यावर अवलंबून. स्मिथ मशीनवर रॉड रुळात अडकलेला असतो, तिथे हे शिकायला मिळत नाही.

मग आम्ही मागे आलो. रॉड बाजूला ठेवला, केरसुणीची लांब काठी घेतली, चष्मा काढून ठेवला. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लाल टिकली चिकटवली. नजर तिथे, वर नाही. वर बघितलं की हनुवटी उचलली जाते आणि वाट पुन्हा बंद होते. सुरुवातीला काठी नाकाला घासत जाईल इतकी जवळून न्यायची. काठी लागली तरी काही होत नाही, हे चेहऱ्याला कळायला काही दिवस लागले. डोळे मिटणं बंद झालं तेव्हाच रॉड परत हातात दिला. नंतर बाई जुन्या फ्रेमचा चष्मा घालून येऊ लागल्या, आणि तो एकदाही फुटला नाही.

पकडीतही थोडा बदल केला. रॉड बोटांच्या मुळाशी लोंबत होता आणि मनगट मागे मोडत होतं. तो तळहाताच्या खालच्या उंचवट्यावर आणला, म्हणजे खालून हाताचं हाड सरळ रॉडखाली उभं राहतं. अंगठा रॉडभोवती, पकड खांद्यांहून किंचित रुंद. यात फार वेळ गेला नाही.

मागे झुकणं

छाती मागे झुकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पाठ दुखण्याची सुरुवात बहुतेक इथूनच होते. वेटलिफ्टिंगमध्ये एकेकाळी क्लीन अँड प्रेस, म्हणजे वजन जमिनीवरून खांद्याशी घेऊन मग डोक्यावर ढकलणं, हा तिसरा प्रकार होता. खेळाडू इतके मागे झुकून वजन वर नेऊ लागले की प्रेस कुठे संपतो आणि कमरेचा झटका कुठे सुरू होतो हे पंचांना ठरवता येईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकला, तेव्हापासून स्नॅच आणि क्लीन अँड जर्क दोनच उरले. जगातले सर्वांत ताकदवान लोक झुकत होते, तर बाई झुकल्या यात नवल नाही. झुकलं की वरच्या छातीचे स्नायू मदतीला येतात, शरीर आपोआप ती पळवाट शोधतं.

त्यावर सूचना एकच दिली, आणि प्रत्येक सेटला दिली: नितंब घट्ट, गुडघे सरळ, बरगड्या खाली. रॉड खांद्याशी असताना पोटात श्वास भरून धरायचा, वर लॉक झाल्यावर, म्हणजे कोपरं पूर्ण सरळ झाल्यावर, सोडायचा. श्वास धरल्याने रक्तदाब क्षणभर वाढतो, म्हणून ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. बाईंनी विचारलं होतं. पाठीच्या ताठपणासाठी रोज घरी पाच मिनिटं: घट्ट गुंडाळलेली चादर पाठीच्या वरच्या भागाखाली आडवी ठेवून उताणं पडायचं आणि हात डोक्यामागे न्यायचे. पाठ वरच्या बाजूला मोकळी झाली की कमरेला वाकावं लागत नाही.

आणि एक जुनी सूचना मी बंद केली. ‘खांदे खाली दाबून ठेवा’ हे जिममध्ये सर्रास सांगितलं जातं. बेंच प्रेसला ते ठीक आहे. डोक्यावरच्या प्रेसला ते चुकीचं आहे आणि मला त्याचा राग येतो, कारण त्याने माणसं दुखावतात. हात पूर्ण वर जाताना जो साधारण १८० अंशांचा प्रवास होतो, त्यातले १२० च्या आसपास खांद्याच्या सांध्यात आणि उरलेले ६० खांद्याच्या पात्याच्या फिरण्यातून येतात. पातं वर फिरवणारे स्नायू म्हणजे मानेपासून पाठीवर पसरलेला ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरचा सेरेटस. पातं खाली दाबून धरलं तर हे साठ अंश आणायचे कुठून? म्हणून वर लॉक झाल्यावर खांदे कानांकडे उचलायचे, छत ढकलल्यासारखे. बाईंना हे पटलं आणि जमलंही पटकन. फळ्याच्या अगदी वरच्या कोपऱ्यात लिहिताना त्या आयुष्यभर हेच करत आल्या होत्या, निदान उजव्या हाताने.

पुढचे आठ महिने

जानेवारीच्या मध्याला ११.२ वर परत सुरुवात केली. १४ सोडून ११ वर यायला बाईंना जड गेलं, पण वाट बदलली होती आणि नव्या वाटेवर ताकद नव्याने बांधायची होती. आठवड्यातून दोन दिवस. सोमवारी पाच रेप्सचे तीन सेट, दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती, आणि सगळे पूर्ण झाले तर पुढच्या सोमवारी अर्धा किलो जास्त. गुरुवारी वजन कमी करून आठ-आठचे तीन, त्यानंतर एका हाताने डंबेल प्रेस, डाव्या हातापासून सुरुवात. दोन्ही दिवशी रोइंग, कारण ढकलण्याइतकंच ओढणंही हवं. शेवटी रॉड डोक्यावर लॉक करून नुसतं उभं राहायचं, अर्ध्या मिनिटापासून पुढे. हे शेवटचं माटोळीसाठी.

एप्रिलच्या सुरुवातीला १७.२ झाले, एकही आठवडा न चुकता. मग वेग कमी झाला, तो व्हायचाच होता. दोन आठवड्यांना अर्धा किलो. मेच्या अखेरीस १९.२ चे पाच-पाचचे तीन सेट स्वच्छ झाले. ओळंबा परत लावून व्हिडिओ घेतला. रॉड दोरीला धरून गेला, डोळे उघडे.

पावसाळ्याने दोन अडचणी आणल्या. दमट हवेत हात निसटायला लागले. बाईंनी शाळेचा खडू आणून बघायचा विचार केला आणि स्वतःच तो रद्द केला: फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, जिमचा मॅग्नेशियम कार्बोनेटचा, आणि घाम कोरडा ठेवायला तोच उपयोगी. दुसरं, रॉडला गंज. गोव्यात जूननंतर रॉड दर आठवड्याला तारेच्या ब्रशने घासून मशीनच्या तेलाचा पातळ हात मारला नाही तर पकडीची जाळी तांबडी होते आणि तळहात सोलवटतो.

खाण्याचा प्रश्न श्रावणात आला. एरवी बाईंच्या घरी नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, जेवण नाही. शंभर ग्रॅम बांगड्यातून एकोणीस-वीस ग्रॅम प्रोटीन मिळतं, त्यामुळे दोन्ही वेळचं धरून हिशोब बराचसा जमायचा. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम पुरेसं मानतात, बाईंसाठी ते नव्वदच्या थोडं वर. श्रावणात नुस्तं बंद, अंडीही बंद, आणि आकडा सरळ निम्म्यावर आला. मग अळसांद्यांचं तोणाक (चवळीच्या जातीच्या कडधान्याची नारळातली उसळ), मोड आलेले मूग, घट्ट दही, पनीर, दुपारी मूठभर शेंगदाणे, असं करत सत्तरपर्यंत नेलं. त्या महिन्यात मी वजन वाढवायची घाई केली नाही, जिथे होतो तिथे टिकून राहिलो. उपासाच्या दिवशी व्यायामच नाही, दुसऱ्या दिवशी.

ऑगस्टअखेर वही सांगते: २१.२ चे पाच-पाचचे तीन. सूत्रात घातलं तर कमाल ताकद २४-२५ च्या घरात, जी नोव्हेंबरात १८ होती. वजन डोक्यावर धरून उभं राहायचा वेळ दीड मिनिटावर गेला. चवथीला त्यांनी पेंड वर धरली आणि पुतण्याने दोन्ही गाठी मारेपर्यंत धरून ठेवली. हाडांची घनता इतक्या लवकर तपासून काही कळत नाही. वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टर सांगतील तेव्हा ती तपासणी होईल, आणि तिच्याबद्दल मी आत्ता काहीही दावा करणार नाही.

अजून काय बाकी आहे

डावा हात अजून मागे आहे. शेवटच्या दोन रेप्समध्ये रॉड डावीकडे किंचित खाली राहतो आणि डावं कोपर उशिरा लॉक होतं. उजव्या हाताने तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, डाव्याने वही धरली. एवढा फरक राहणारच. गुरुवारी डंबेलचा एक सेट फक्त डाव्या हाताचा जास्त ठेवला आहे. पुश प्रेस, म्हणजे गुडघ्यांचा हलका झोका देऊन वजन वर नेण्याचा प्रकार, हळूहळू शिकवतोय, म्हणजे जास्त वजन वर धरण्याची सवय होईल. आणि २१.२ च्या पुढे अर्धा किलोही आता दर वेळी जात नाही, तेव्हा बाईंनी वहीच्या मागच्या पानावर नवं गणित केलं आहे: तोच व्यास, तेच भोक, जाडी सव्वादोन मिलिमीटर, वजन १२५ ग्रॅम, नग दोन. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या बेतोड्याला जाणार आहेत.